धुराड्याच्या बंगल्यात अनवाणी

त्या बंगल्यात मी तिकीट काढून गेलो, याची मला अजून किळस येते. जन्मभर एस.टी.त मी दुसऱ्यांना तिकिटं फाडून दिली. कोंबड्यांच्या टोपल्याचंही लगेज फाडलं, कुणाची भीडभाड ठेवली नाही. आणि आता रिटायर झाल्यावर, ज्या आवारात आम्ही दर साली गवऱ्या पेटवून पोटभर जेवायचो, तिथं आत जायला एका पोट्ट्यानं माझ्या मनगटाला गुलाबी कागदाचा पट्टा बांधला. बाजारात विकायला आणलेल्या गोऱ्ह्यासारखा मी हात पुढे करून उभा. तोंड उघडलं नाही. कारण मागे माझी बहीण उभी होती, अनवाणी.

बंगला दारव्ह्याहून यवतमाळकडे जाताना फाट्यावरून आत आहे. कापसाच्या धंद्यात आलेल्या कोण्या इंग्रजानं बांधलेला. त्याच्या मुलखात, खेड्यावर, त्याच्या बापाचं जसं मोठं घर होतं म्हणे, हुबेहूब तसंच त्याला इथं पाहिजे होतं. लाल विटा, उतरतं छप्पर, पुढे फुगून आलेल्या काचेच्या खिडक्या, भोवती गुलाबाचे ताटवे आणि छपरावर धुराडी. यवतमाळ जिल्ह्यात धुराडी! जिथं मे महिन्यात कावळा फांदीवरून चक्कर येऊन पडतो, तिथं या बहाद्दराला घरात शेकोटी पाहिजे होती. आमच्याकडच्या लोकांनी नाव ठेवलं, धुराड्याचा बंगला. त्या धुराड्यांतून धूर निघालेला मात्र कुणी पाहिला नाही. धूर निघायचा तो बागेतून, आणि तो आमचा.

बागेच्या मधोमध चिंचेचं झाड आहे. त्याच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड होता, ती मातामाय. ती बंगल्याच्या आधीची. साहेबाला फाटकापासून बंगल्यापर्यंत सरळ रेषेत वाट पाहिजे होती, आणि चिंच बरोबर आडवी येत होती. त्यानं तोडायला सांगितली, पण एकाही मजुरानं कुऱ्हाडीला हात लावला नाही. शेवटी वाटच वाकडी झाली. आमचा बाप हे असं सांगायचा. खरंखोटं मातामायला ठाऊक, पण ती वाट चिंचेपाशी वाकडी आहे, हे मी लहानपणापासून पाहत आलो.

ज्याचा नवस असेल तो होळीनंतर तिथं येऊन रोडगे करायचा. आमच्या भागाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर, कणकीच्या जाड चकत्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्यांचा मुठीपेक्षा मोठा गोळा वळायचा आणि गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचा. वरून काळा, आतून पापुद्र्यापापुद्र्यानं उकलणारा. सोबत वांग्याची झणझणीत भाजी, वरण आणि हात आखडता न घेता ओतलेलं तूप. पहिला रोडगा मायला, मग सगळ्यांना. साहेब गेला, मालक बदलले, मध्ये कोण्या खात्याचं गोदाम झालं, त्या दिवसांपुरतं फाटक उघडं राहायचं ते राहायचंच. मग नागपूरच्या एका पार्टीनं बंगला घेतला, भोवती डोक्यावर जाईल एवढी भिंत घातली आणि डागडुजीसाठी बंद म्हणून पाटी लावली.

नेमका त्याच वेळी मी मरायला टेकलो. न्यूमोनिया झाला, यवतमाळला दवाखान्यात नळ्या घालून पडलो, डॉक्टरनं माझ्या बायकोला सांगून टाकलं की नातेवाइकांना बोलावून घ्या. महागावला दिलेली माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. मला तिनंच वाढवलं आहे; आई शेतात आणि मी आक्काच्या कडेवर, असं आमचं लहानपण गेलं. तर आक्कानं दवाखान्याच्या दारातच चपला काढल्या आणि मातामायला बोलली, माझा भाऊ उठून बसू दे, चिंचेखाली रोडगे करीन, तोपर्यंत पायात काही घालणार नाही.

मी उठून बसलो. कशानं बसलो ते डॉक्टरला विचारा, मला विचाराल तर औषधानं. पण आक्काचे पाय उघडे पडले ते पडलेच. बंगला बंद, तर नवस फेडायचा कुठं? ती अनवाणी शेतात जाई, अनवाणी बाजारात जाई, तापलेल्या डांबरावर अनवाणी एस.टी.ची वाट पाहत उभी राही. आणि तिला शुगर. टाचांच्या भेगांत माती बसलेली, एका तळव्याला जखम, ती भरायचं नाव घेत नव्हती. मी स्वतः तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी जखम पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, शुगरनं पायाला लागलेलं कळत नाही, यांना चपला घाला, नाहीतर हा पाय काढायची वेळ येईल.

मी घरी येऊन नुसता थयथयाट केला. "कुठंबी कर ना रोडगे! महागावले का देव नाईत? मातामाय का एकाच जागी बसली हाय?"

"बोलली तिथंच फेडन," आक्का म्हणाली.

"अन् पाय गेला तर?"

"तू हायस ना," ती म्हणाली, आणि वांगी चिरायला बसली.

आता या बाईशी काय डोकं फोडणार! मला नवसाची चीड, देवाची चीड, आणि सगळ्यात जास्त माझीच चीड. माझ्या जिवासाठी तिनं पाय गहाण टाकला, मला न विचारता. तिनं विचारलं असतं तर मी नाहीच म्हणालो असतो, हे ठाऊक असल्यामुळेच तिनं विचारलं नाही.

म्हणून बंगला पुन्हा उघडला हे कळताच मी चौकशी केली. आता तिथं हेरिटेज रिसॉर्ट झालं होतं. दिवसभराचा पास मिळतो, त्यात बंगला पाहायचा, बाग पाहायची आणि जेवण. आकडा सांगत नाही, तोंड कडू होतं. होळी होऊन गेली होती, उन्हं तापायला लागली होती. मी, माझी बायको आणि आक्का, तिघं दारव्ह्याहून ऑटो करून निघालो. सोबत गवऱ्यांचं पोतं, भांडी, पाण्याचा हंडा, कणीक, वांगी, तूप, मायला हिरवी चोळी आणि नारळ.

फाटकावरचा गार्ड जवळपासच्याच गावचा निघाला. त्यानं पोत्यात हात घातला आणि गवरी बाहेर निघाल्यावर कपाळावर हात मारला. "काका, हे कायले आणलं? आतमंदी काडी पेटवू देत नाईत. बाहेरचं खायचं बी नेता येत नाई."

"गवऱ्या का खायले आणल्या का मी?"

तो हसला, पण पोतं आणि बाकीचं सगळं सामान त्यानं फाटकाबाहेर भिंतीच्या कडेला ठेवायला लावलं. म्हटलं ठीक आहे, आधी आत जाऊ, मालकाच्या माणसाशी बोलू, हातापाया पडू, मग विस्तवाचं पाहू. एवढ्यात त्याची नजर आक्काच्या पायांकडे गेली आणि त्याचा चेहरा पडला. त्यानं मागच्या पाटीकडे बोट दाखवलं. अनवाणी प्रवेश नाही. आत लाकडाची फरशी आहे, गालिचे आहेत, पाहुण्यांच्या तक्रारी येतात, असं तो पाठ केल्यासारखं बोलला.

मी आयुष्यात पुष्कळ पाट्या पाहिल्या. पण देवाच्या दारी जायचं तर चपला घाला, असं सांगणारी पाटी पहिल्यांदाच पाहिली. हसू की रडू, कळेना. नवस फेडायला आत जायचं. आत जायचं तर चपला घालायच्या. चपला घातल्या तर नवस मोडला! गार्डनं दवाखान्यात देतात तसल्या पांढऱ्या कागदी सपाता पुढे केल्या. आक्कानं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"हे बी पायातलंच झालं," ती म्हणाली. "नाई जमत."

"अवो आक्का, कागद हाय हा," माझी बायको म्हणाली.

"कागदाची पत्रिका आली म्हून लगन खोटं होते का?"

गार्ड बिचारा भला माणूस. नोकरीही सांभाळायची आणि मातामायचीही धास्ती. त्याच्या आईनंही तिथं रोडगे केले होते, असं तो हळूच म्हणाला. त्यानं आतून एक चाकाची खुर्ची आणली. म्हाताऱ्या पाहुण्यांसाठी ठेवलेली असते. "हिच्यात बसा आत्याबाई. पाय जमिनीले लागत नाईत, मंग कोणी काई म्हणत नाई."

"मी का लंगडी हावो?" आक्का कडाडली. मग तिनं थोडा विचार केला. पायात घालणार नाही असं ती मायला बोलली होती, खुर्चीत बसणार नाही असं काही बोलली नव्हती. पदर सावरला आणि बसली. मी खुर्ची ढकलायला लागलो. जी बाई मला कडेवर घेऊन हिंडली, तिला ढकलत नेताना एरवी बरं वाटलं असतं. तिथं नुसता संताप येत होता.

चिंच समोर दिसत होती, पण पाहुण्यांना सरळ बागेत सोडत नाहीत. आधी भिंतीकडेच्या नव्या रस्त्यानं जाऊन बंगला पाहायचा, मग बाजूच्या दारानं बागेत उतरायचं. टोपीवाला एक मॅनेजर सगळ्यांना घेऊन फिरत होता. टोपी शिकारी साहेबांची असते तशी, पायांत उन्हातान्हात गुडघ्यापर्यंत मोजे. दिवाणखान्यात एसी इतका गार की आक्कानं पदर कानांवरून घेतला. आणि त्या गारठ्यात शेकोटीच्या कोनाड्यात लाल विजेचे दिवे लुकलुकत होते, खोटा विस्तव! खोट्या लाकडांवर खोट्या ज्वाळा. एक जोडपं त्यापुढे हात शेकत असल्याचे फोटो काढून घेत होतं. बाहेर उन्हानं गवत करपलेलं आणि आत हे असले चाळे. भिंतीवर वाघाचं मुंडकं, एका बाजूनं कसरीनं खाल्लेलं. सगळीकडे फवारलेल्या अत्तराचा वास आणि त्याच्या खालून वटवाघळांच्या लेंड्यांचा. 

"साहेब अत्यंत दयाळू होते," मॅनेजर सांगत होता. "इथल्या लोकांना त्यांनी शिस्त लावली, बागकाम शिकवलं."

आमच्या लोकांना मातीत काम करायला शिकवलं म्हणे! मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोनं कोपर मारलं.

मग न्हाणीघर. तिथं दोरी बांधून आत एक लाकडी खुर्ची ठेवली होती, बसायच्या जागी भोक असलेली. साहेबाच्या संडासाची खुर्ची. भोकाखाली चिनी मातीचं भांडं. लोक हसत होते, एकमेकांना ढकलत होते, फोटो काढत होते. मागच्या भिंतीत खाली एक बुटकं दार होतं, माणूस वाकून, जवळजवळ रांगत येईल एवढंच. मॅनेजर म्हणाला, "हे सर्व्हिस एन्ट्रन्स." त्याच्यापुढे एक शब्द नाही. त्या दारातून रोज कोण रांगत यायचं, ते भांडं कोण डोक्यावरून न्यायचं, त्याच्या बायकोपोरांना त्या गुलाबाच्या बागेत उभं तरी राहता येत होतं का, यातलं काही नाही. साहेबाचं भांडं मात्र पुसून, चकचकीत करून मांडलेलं. शी! माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारी आल्यावर सुटतं तसलं. आक्का त्या बुटक्या दाराकडे पाहत होती.

"याच्यातून येत असन कोणी माणूस?" तिनं मला विचारलं.

"हो."

"अन् मले म्हणते, तुये पाय खराब हाय," ती म्हणाली. बाजूची एक बाई वळून पाहायला लागली. मी खुर्ची पुढे रेटली.

जेवणाचं दालन वाटेतच होतं. तिथं झाकणाच्या भांड्यांत काय काय मांडलं होतं, आणि एका ताटापुढे पाटी, हेरिटेज रोडगा. भट्टीत भाजलेले लिंबाएवढे पांढरे गोळे, त्यांच्या पोटात चीज आणि शेजारी वाटीत कसली तरी पांढरी चटणी. बायकोनं एक फोडून पाहिला आणि चिकट दोर लोंबला तशी तिनं तो परत ठेवला. आक्काचा नवस फेडेपर्यंत उपास होता, तिनं नुसतं पाहिलं आणि तोंड फिरवलं. विस्तवाला बंदी, धुराला बंदी, आम्हाला बंदी, पण आमच्या रोडग्याचं नाव तेवढं उचललं. मी त्या दालनात पाण्याचा घोटही घेतला नाही. पैसे भरलेले होते, तरी नाही.

शेवटी एकदाचे बागेत उतरलो. गुलाबांनी माना टाकलेल्या, बाकी सगळी प्लॅस्टिकची हिरवळ. वाकडी वाट तशीच होती. चिंचेच्या खोडात खिळे ठोकून दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. बुडाभोवती सिमेंटचा गोल कट्टा आणि त्याच्यावर माणसाच्या उंचीची इंग्रजी अक्षरं, प्रेम अशा अर्थाची, त्यांच्यामधून मुंडी काढून पोरंपोरी फोटो काढत होती. आक्का खुर्चीतून पुढे झुकून बुडाकडे पाहत राहिली. मीही पाहत राहिलो. कट्ट्याला आम्ही पुरता वळसा घातला.

दगड नव्हता.

आक्का खुर्चीतून मागे वळली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणी आई मेली तो दिवस आठवला. मी मॅनेजरला गाठला.

"इथला दगड कुठं हाय?"

"कोणता दगड काका?"

"शेंदूर लावलेला. मातामाय."

"अच्छा तो! तो आम्ही रिस्पेक्टफुली मागे शिफ्ट केलाय. पाहुण्यांना तो ऑइली लूक आवडत नव्हता." आणि वर मान हलवून हसला. त्याच्या त्या टोपीसकट त्याला धरून गदागदा हलवावं असं मला वाटलं. पण हरवलेलं माणूस शोधायला आलेला भांडण नंतर करतो, आधी माणूस शोधतो. मी म्हणालो, "दाखव."

मागे म्हणजे स्वैपाकघराच्या पाठीमागे. पाहुण्यांना दिसू नये म्हणून मध्ये बांबूचा आडोसा. आडोसा ओलांडला आणि भपकाराच आला. भिंतीतल्या नळीतून खरकटं पाणी बाहेर पडत होतं आणि त्याचं डबकं साचलं होतं. वर तेलाचा तवंग, भात, टोमॅटोची सालं, कोंबडीची हाडं, आणि त्या सगळ्यावर माश्यांचा थर. डबक्याच्या मधोमध मातामाय. तिच्यावर एक पोऱ्या फरशी पुसायचे पोछे आपटून आपटून धुत होता. शेंदराचे पोपडे निघून एका बाजूनं दगड उघडा पडला होता. बरोबर तिच्या तोंडावरून काळं पाणी ओघळत होतं.

माझा देवावर विश्वास नाही, हे मी पुन्हा सांगतो. तरी मी आडोशाला धरून सगळं सकाळचं ओकलो. त्या पोऱ्यानं पोछा हातात तसाच धरून मला विचारलं, "काय झालं जी?" त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक! तो कुठला लांबचा, कामावर ठेवलेला. त्याला दगड दिला, त्यानं त्याचा दगडासारखा उपयोग केला.

मी तोंड पुसून वळलो तर आक्का खुर्चीतून उतरलेली. उघड्या जखमेचा तो पाय तिनं डबक्याकडे टाकलासुद्धा होता.

"आक्का!" मी इतक्या जोरात ओरडलो की मॅनेजरनं बागेकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "एक पाऊल पुढं टाकशीन तर माया मेल्या तोंडाची आण हाय तुले!"

ती थबकली. ज्या तोंडासाठी इतके दिवस अनवाणी फिरली, त्याच मेल्या तोंडाची आण मी घातली होती. दुसरं काही माझ्याकडे नव्हतंच. मी पँट वर सारली आणि चपलांसकट त्या घाणीत उतरलो. पाय घोट्यापर्यंत रुतले. खालून काहीतरी गिळगिळीत सरकलं. मी वाकून दगडाला मिठी मारली. खरकटं पाणी छातीवर आलं, शर्टाच्या आत गेलं. दगड हलेना. मग त्या पोऱ्यानं न सांगता पोछा टाकला, दुसऱ्या बाजूनं हात घातला, आणि दोघांनी मिळून तो बाहेर काढला.

मॅनेजर आतापर्यंत नाकाला रुमाल लावून उभा होता. मला वाटलं, आता हा अडवणार, आणि त्यानं अडवावं अशी माझी फार इच्छा होती. पण त्याचा चेहरा उजळला. "घेऊन जाताय का काका? मग तर फारच छान. आम्हाला पण याचं काय करावं ते कळत नव्हतं. फक्त एक रिक्वेस्ट, मागच्या गेटनं जा, फ्रंटला पाहुणे आहेत."

एवढ्या साऱ्या पिढ्यांची माय, आणि ती घेऊन जा म्हणताना या माणसाला सुटल्यासारखं वाटलं. मी त्याच्याकडे पाहून खाली थुंकलो. त्याच्या अंगावर नाही. अंगावर थुंकायला पाहिजे होतं, असं आता वाटतं.

दगड चाकाच्या खुर्चीत ठेवला. आक्कानं स्वतःच्या पदरानं पुसला. मग मी खुर्ची ढकलत पुढे आणि आक्का अनवाणी माझ्या बाजूनं, तिचा हात दगडावर, खुर्चीतून पडू नये म्हणून. मागच्या फाटकातून आम्ही कच्च्या रस्त्यावर निघालो. माझी बायको पुढून फिरून गेली आणि गार्डला घेऊन आली. त्यानं गवऱ्यांचं पोतं खांद्यावर आणलं होतं, बाकीचं सामान दोघांच्या हातांत. खुर्चीतली मातामाय पाहिल्यावर त्यानं पोतं खाली टाकलं आणि रस्त्यातच दंडवत घातला. 

रस्त्याच्या पलीकडे एक निंब होता. त्याच्या बुडाशी आम्ही दोघांनी दगड टेकवला, मग गार्ड खुर्ची घेऊन परत ड्युटीवर गेला. प्यायला आणलेलं सगळं पाणी आक्कानं त्याच्यावर ओतलं, तळहातानं चोळून चोळून धुतला. तिला काही ओळखीचं सापडलं असावं, कारण एका ठिकाणी बोट फिरवत ती बराच वेळ थांबली.

"पण आक्का, तू तर चिंचेखाली बोलली होतीस," मी म्हणालो. मला खरंच भीती वाटत होती. ती म्हणाली असती, नाही, चिंचच पाहिजे, तर मी काय करणार होतो?

"चिंचेचं कायले घेऊन बसला? माय कुठं हाय?"

"इथं."

"मंग पेटव गवऱ्या."

विस्तव पेटला. धूर भिंतीवरून बंगल्याकडे जायला लागला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. जाऊ दे लेकाच्यांच्या नाकात. बायकोनं वांग्याची भाजी टाकली, आक्कानं रोडगे वळले. माझ्या अंगाला खरकट्याचा वास येत होता, बायको मला वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवत होती. रोडगे उकलले, चोळी वाहिली, नारळ फुटला. पहिला रोडगा तूप घालून मायपुढे ठेवला. आक्कानं डोकं टेकलं, काय पुटपुटली ते मला ऐकू आलं नाही. उठून ती मला म्हणाली, "फिटलं बरं. जेव आता."

"आधी चपला," मी म्हणालो.

तेव्हा कळलं की आक्कासाठी आमच्यापैकी कुणीच चपला आणल्या नव्हत्या. कणीक आणली, तुपाची बरणी चिंधीत गुंडाळून आणली, हिरवी चोळी आठवणीनं आणली. ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा, त्या चपलाच नाहीत! आक्का पोटावर हात ठेवून हसली. बायको हसली. मला हसू आलं नाही. मी माझ्या चपला काढल्या, मातीनं घासल्या, स्वैपाकाच्या हंड्यातल्या उरलेल्या पाण्यानं धुतल्या आणि तिच्यासमोर खाली बसलो.

तिचा पाय मी मांडीवर घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. जखमेवर धूळ बसली होती. टाचेजवळ बाभळीचा काटा होता, बोटाच्या पेराएवढा, पुरता आत गेलेला. मागच्या फाटकापासून चालताना कुठंतरी बोचला असणार. मी नखांनी धरला आणि खस्सकन ओढला. मागोमाग रक्त आलं. मी दचकून वर पाहिलं. आक्का माझ्या बायकोला सांगत होती की भाजीत मीठ जरा कमीच पडलं. तिचा आवाज जराही अडखळला नाही.

मी रक्त पुसलं. एका पायात चप्पल सरकवली, दुसऱ्या पायात सरकवली. अंगठे नीट बसवले. हात काढून घेतले आणि बोटांवरचं रक्त मातीत पुसलं.

जरा वेळानं आक्कानं बोलणं थांबवलं आणि माझ्या डोक्यावर टपली मारली.

"घाल ना रे बाप्पा," ती म्हणाली. "कवाची पाय लांब करून बसून राह्यली मी."

दोन्ही चपला तिच्या पायांत होत्या.